सांभाळणाऱ्या मावशींना मृत्युपत्रातून घर आणि उत्पन्न कसं द्यावं

समजा, कोथरूडमध्ये एक काकू राहतात. वय ७६. काका जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही. स्वतःच्या नावावर सोसायटीतला दोन खोल्यांचा फ्लॅट, बँकेत तीसेक लाखांच्या ठेवी, थोडं सोनं आणि वाईजवळ काकांकडून आलेली एकरभर जमीन. पुतण्या अमेरिकेत असतो, बहिणीची मुलगी नाशिकला. दिवसभर सोबत असतात त्या घरकामाच्या मावशी. अठरा वर्षं त्याच घर चालवतात आणि आता काकूंची औषधंही त्याच देतात. काकूंच्या मनात असं आहे: मावशींना हयातभर राहायला घर आणि महिन्याला काही रक्कम मिळावी, त्यांच्यानंतर घर भाचीला जावं, जमीन पुतण्याला.

काकूंनी काहीच लिहून ठेवलं नाही, तर मावशींना एक रुपयाही मिळणार नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं. भाचीलाही मिळणार नाही, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. हिंदू वारसा कायदा १९५६ च्या कलम १५ प्रमाणे निपुत्रिक विधवेची मिळकत, अगदी तिनं स्वतः कमावलेलीसुद्धा, आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. आईवडिलांकडून वारशानं आलेली मिळकत तेवढी माहेरी परतते. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण आलं होतं. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली आणि मृत्युपत्र न करता वारली. तिची आयुष्यभराची कमाई ज्यांनी तिला घराबाहेर काढलं त्या सासरकडच्या वारसांना मिळाली. न्यायालयानंही म्हटलं की सहानुभूती वेगळी आणि कायदा वेगळा. त्यामुळे मूल नसलेल्या बाईसाठी मृत्युपत्र ही हौस नाही, गरज आहे.

परक्या माणसाला देता येतं का? येतं. स्वकष्टार्जित मिळकत कोणालाही देता येते आणि वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतला आपला हिस्साही मृत्युपत्रानं देता येतो. रतन टाटांच्या मृत्युपत्रात त्यांच्या स्वयंपाक्यासाठी आणि बटलरसाठी तरतूद असल्याच्या बातम्या आपण वाचल्याच. नातेवाइकांना डावललं एवढ्यानंच मृत्युपत्र संशयास्पद ठरत नाही, कारण नेहमीचा वारसाक्रम बदलायचा असतो म्हणूनच तर माणूस मृत्युपत्र करतो. अशी मृत्युपत्रं कोर्टात पडतात ती करण्याच्या पद्धतीमुळे. पुढचं सगळं एका सूत्राभोवती आहे: मृत्युपत्र करताना मावशी शक्य तितक्या लांब असाव्यात आणि मजकुरात मात्र त्या अगदी नेमक्या असाव्यात.

पहिलं काम: काय देता येत नाही ते बाजूला काढा

एका वहीत सगळ्या मिळकतीची यादी करा आणि प्रत्येकीपुढे ती कोणाच्या नावावर आहे हे लिहा. या यादीतल्या काही गोष्टी मृत्युपत्रानं देता येतच नाहीत. पेन्शन तुमच्याबरोबर संपते. कुटुंब निवृत्तिवेतन नियमात बसणाऱ्यालाच मिळतं, मृत्युपत्रात लिहून ते मावशींकडे वळत नाही. मुंबईतली पागडीची खोलीही अशीच. भाडेकरूचा हक्क मृत्युपत्रानं देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये सांगितलं आहे. भाडेकरू गेल्यावर तो हक्क कोणाकडे जायचा, ते भाडे नियंत्रण कायदाच ठरवतो.

शेतजमिनीत तर बरेच जण फसतात. "मावशींना गावची गुंठाभर जमीन देऊन टाकू" असं वाटणं साहजिक आहे. पण १९४८ च्या मुंबई कूळकायद्याचं कलम ६३ शेतकरी नसलेल्याला शेतजमीन हस्तांतरित करण्यास मनाई करतं. तोच कायदा लागू असलेल्या गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं की ही मनाई मृत्युपत्रालाही लागू आहे. मावशींच्या नावावर सातबारा नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. पुतण्याच्या नावावर सातबारा असेल तर काकूंची जमीन त्याला जाते आहे हे ठीकच. तो परदेशी असला तरी भारतात राहणाऱ्या नातेवाइकाकडून वारशानं शेतजमीन घेऊ शकतो.

धर्म आणि प्रांतानुसारही मर्यादा आहेत. मुस्लिम व्यक्तीला साधारणपणे एक तृतीयांशच मिळकत वारसांबाहेर देता येते. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नियमांनुसार मुलं किंवा आईवडील असतील तर निम्मी मिळकत त्यांच्यासाठी राखीव असते. मडगाव किंवा म्हापशाचं घर मावशींना द्यायचं असेल तर आधी तिथल्या जाणकाराशी बोला. तिथे मृत्युपत्रही विशेष नोटरीसमोर करण्याची पद्धत आहे. पुढचं विवेचन महाराष्ट्रातल्या हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांना धरून आहे.

नॉमिनी लावला म्हणजे दिलं, असं नाही

"मी एफडीला मावशींचं नाव लावलंय" असं आजीआजोबा समाधानानं सांगतात. नॉमिनीला बँक पैसे देते ते सांभाळायला. मालक वारसच राहतात, किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव असेल तो. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयानं हे १९८३ मध्येच सांगितलं होतं. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत २०२३ च्या डिसेंबरात आलेला निकाल तर कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या मिळकतीच्या प्रकरणातला आहे. २०१५ पासून विम्यात पती-पत्नी, आईवडील आणि मुलं नॉमिनी असतील तर ती खरे लाभार्थी मानली जातात. मावशी त्या यादीत येत नाहीत.

तरीही नॉमिनेशन कराच, कारण पैसे लवकर हातात पडतात. मात्र मृत्युपत्रातही तेच लिहा: "अमुक खात्यातली रक्कम नॉमिनी या नात्यानं त्यांना मिळेल, ती त्यांनी स्वतःची म्हणून ठेवावी." दोन्हींत एकच नाव असलं की भांडायला जागा उरत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, त्याचाही उपयोग करून घ्या.

हयातीतच बक्षीसपत्र करून टाकावं का? मावशींच्या बाबतीत नको, असं माझं मत आहे. नातेवाईक नसलेल्या माणसाला वर्षभरात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट दिली तर ती त्याचं उत्पन्न धरून त्यावर कर लागतो. मृत्युपत्रानं मिळालेल्या मिळकतीवर असा कर नाही आणि वारसा करही १९८५ मध्येच गेला. फ्लॅटच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क भरावं लागतं, मृत्युपत्राला ते शून्य. आणि बक्षीस दिलेलं घर सहजासहजी परत मिळत नाही. मृत्युपत्र तुम्ही उद्याही बदलू शकता.

घर: राहण्याचा हक्क कसा लिहायचा

काकूंना मावशींसाठी घराची मालकी नको आहे, राहण्याचा हक्क हवा आहे. तो असा लिहिता येतो:

"माझ्याकडे सन २००७ पासून घरकाम व माझी देखभाल करणाऱ्या, घरात मावशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या श्रीमती ______, आधार कार्डावरील नाव ______, मूळ राहणार ______, यांना माझ्या सदनिकेत त्यांच्या हयातीपर्यंत विनामोबदला राहण्याचा हक्क असेल. सदर सदनिका विकण्याचा, गहाण टाकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा हक्क त्यांना असणार नाही. त्यांच्या पश्चात, किंवा त्यांनी लेखी हक्क सोडल्यास, सदनिकेचा संपूर्ण उपभोग माझी भाची ______ हिला मिळेल. सदनिकेची मालकी माझ्या मृत्यूपासूनच भाचीची राहील."

आता हे वाक्य जुन्या चष्म्यातून नाही, भांडणाच्या चष्म्यातून वाचा. सोसायटीचा मेंटेनन्स आणि मिळकत कर कोण भरणार? गळती लागली तर दुरुस्ती कोणाची? मावशींचा मुलगा-सून सोबत राहू शकतात का? मावशी चार महिने गावी गेल्या तर हक्क संपतो का? आणि पुण्या-मुंबईत सगळ्यात महत्त्वाचं, इमारत पुनर्विकासाला गेली तर बिल्डरकडून मिळणारं भाडं कोणाला आणि नव्या फ्लॅटमध्ये हा हक्क चालू राहतो का? मेंटेनन्स आणि कर भाचीनं भरावा, भाड्याचे पैसे मावशींना मिळावेत, नवा फ्लॅट ताब्यात आला की हक्क तसाच पुढे चालावा, अशी चार वाक्यं घातली की अर्धी भांडणं जन्मालाच येत नाहीत. मालक भाची असल्यामुळे सोसायटीची सभासदही तीच होईल आणि सभेला तीच जाईल. हे मावशींना आणि तिला दोघींनाही नंतर कळायला हवं.

एक इशारा इथेच. "बायकोला हयातभर, नंतर पुतण्याला" असं लिहिलं तर तो मर्यादित हक्क पूर्ण मालकी ठरू शकतो, कारण बायकोला पोटगीचा हक्क आधीपासूनच असतो आणि हिंदू वारसा कायद्याचं कलम १४ तिच्या बाजूनं उभं राहतं. मावशींचा असा पूर्वीचा हक्क नसतो, म्हणून त्यांच्या बाबतीत मर्यादा टिकते. दुसऱ्याचा नमुना उतरवून घेताना हा फरक विसरला जातो.

उत्पन्न: एकदम द्यायचं की महिन्याला

इथे बहुतेक जण "मावशींना दरमहा ८,००० रुपये द्यावेत" एवढंच लिहून मोकळे होतात. कोणी द्यावेत, कशातून, किती वर्षं? एक्झिक्युटर म्हणजे मृत्युपत्राचा व्यवस्थापक. वाटप झालं की त्याचं काम संपतं. पंचवीस वर्षं दर महिन्याला पैसे पाठवणारं कोणीतरी वेगळं लागतं.

सोपा मार्ग म्हणजे ठरावीक रक्कम पूर्ण मालकीनं द्यावी आणि ती गुंतवायचं काम मावशींवर सोडावं. १५ लाखांवर ७ टक्के व्याज धरलं तर महिन्याला ८,७५० रुपये होतात. मावशींचं वय साठच्या वर असेल तर ज्येष्ठ नागरिक बचत योजना त्यांच्याच नावानं उघडता येते, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात येतं. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत एका माणसाला ९ लाखांपर्यंत ठेवता येतात. मुद्दल त्यांचंच असल्यामुळे आजारपणात मोडताही येतं.

या मार्गाला धोका आहे तो मावशींच्या घरातून. रक्कम हाती आली की मुलाच्या रिक्षाचं कर्ज, नातीचं लग्न, जावयाचं दुकान, सगळे रांगेत उभे राहतात. काहींना वाटतं, त्यापेक्षा त्या पैशातून विमा कंपनीची पेन्शन घ्यावी असं मृत्युपत्रातच लिहून टाकू. पण वार्षिकी, म्हणजे अशी पेन्शन, विकत घेण्यासाठी पैसे ठेवले असतील तर लाभार्थ्याला वार्षिकीऐवजी ती रक्कमच मागण्याचा पर्याय भारतीय वारसा कायद्यानंच दिला आहे. म्हणजे जावई तिथेही पोहोचतो.

खरं कुंपण घालायचं असेल तर मृत्युपत्रातूनच खासगी न्यास (ट्रस्ट) तयार करावा लागतो. दोन विश्वस्त, ठरावीक रक्कम, दरमहा इतकं मावशींच्या खात्यात, मोठ्या आजारात मुद्दलातून खर्चाची मुभा, मावशींनंतर उरलेलं भाचीला. न्यासाला वेगळं पॅन, वेगळं खातं, दरवर्षी विवरणपत्र लागतं. रक्कम वीस-पंचवीस लाखांच्या आत असेल तर मी हा व्याप करणार नाही. भाची आणि तिचा नवरा हिशेबात काटेकोर असतील आणि मावशी पैशाच्या बाबतीत अगदी भोळ्या असतील, तरच विचार करीन. महागाईचाही विचार करा. आज पुरेशी वाटणारी रक्कम दहा-बारा वर्षांनी निम्म्या किमतीची होते. न्यास केलाच तर दर तीन वर्षांनी वाढ देण्याचा अधिकार विश्वस्तांना लिहून द्या.

"माझ्या मृत्यूच्या वेळी कामावर असल्यास" हे वाक्य वकील हमखास सुचवतात. वरवर बरोबर वाटतं. पण काकू शेवटचे दोन महिने आयसीयूत असतील आणि त्या काळात पुतण्याच्या फोनवरून कोणी मावशींना "आता येऊ नका" म्हटलं तर सगळं गेलं. त्यापेक्षा असं लिहा: "त्यांनी स्वतःहून काम सोडलेलं असल्याचा लेखी पुरावा नसेल, तर मी रुग्णालयात किंवा इतरत्र असतानाही त्या माझ्याकडे कामावर आहेत असे समजावे."

मावशींनी साठवलेला पगार किंवा तुम्ही त्यांच्याकडून घेतलेले हातउसने पैसे असतील तर ते वेगळं कर्ज म्हणून लिहा. देणगीत मिसळू नका.

नातेवाइकांबद्दल काय लिहायचं, काय नाही

कारण लिहा, पण दोन ओळींत. "गेली अनेक वर्षे माझी देखभाल यांनी केली, त्याबद्दल कृतज्ञता म्हणून" एवढं पुरतं. "पुतण्या कधी फिरकलाही नाही" असं लिहू नका. तो दिवाळीला आला होता असा एक फोटो निघाला की सगळ्या मृत्युपत्रावर प्रश्नचिन्ह लागतं. ज्यांना काही देत नाही त्यांचीही नावं घ्या, म्हणजे विसरून राहून गेलं असं कोणाला म्हणता येणार नाही. नातेवाइकांना थोडंफार द्यायची इच्छा असेल तर सोनं, भांडी, देव्हारा, काकांचं घड्याळ नावानिशी द्या.

लाभार्थी आधी वारला तर ती देणगी बहुतेक वेळा रद्द होते. म्हणून प्रत्येकापुढे पर्यायी नाव घाला. शेवटी "उर्वरित सर्व मिळकत" कोणाला, हे वाक्य हवंच. मृत्युपत्रानंतर उघडलेलं खातं, विसरलेले शेअर, सगळं त्यात येतं. ते नसेल तर तेवढ्या भागापुरतं कलम १५ पुन्हा जिवंत होतं.

सही करायचा दिवस

साध्या कागदावर, मराठीत, टाइप करून किंवा हातानं. स्टँप पेपर लागत नाही. पानांना क्रमांक, प्रत्येक पानावर सही, खाडाखोड नको. दोन साक्षीदार लागतात. तुमची सही त्यांनी पाहिली पाहिजे, किंवा ती तुमची आहे हे तुमच्या तोंडून ऐकलं पाहिजे, आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करायची असते. पुढे कोर्टात निदान एकानं उभं राहून सांगावं लागतं, त्यामुळे साक्षीदार तुमच्याहून वयानं लहान आणि ठिकाणा माहीत असलेले घ्या. शेजारी आणि फॅमिली डॉक्टर ही चांगली जोडी. डॉक्टरांनी त्याच तारखेचा, मानसिक स्थिती उत्तम असल्याचा दाखला द्यावा. लाभार्थी किंवा त्याची पत्नी वा पती साक्षीदार नको. ख्रिस्ती आणि पारशी लोकांत अशी देणगी कायद्यानंच रद्द होते, आपल्याकडे संशय वाढतो.

आता मावशींकडे वळू. मृत्युपत्र ठरवण्यात लाभार्थ्याचा पुढाकार दिसला तर संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५८ पासून सांगितलं आहे. म्हणून वकिलांकडे मावशींना सोबत नेऊ नका. वकील त्यांच्या ओळखीचा नको. फी त्यांच्या हातून नको, मसुदा त्यांच्याकडून झेरॉक्स करून आणणं नको. सहीच्या दिवशी त्यांना सुटी द्या. काकूंना चालवत नसेल तर रिक्षात धरायला शेजारीण असू द्या. रोज अंघोळ घालणाऱ्या माणसाला त्या एका दिवशी बाहेर ठेवणं विचित्र वाटतं खरं, पण पुढे त्याच माणसाचं हित त्यात असतं.

व्हिडिओ केलात तर काकूंनी स्वतःच्या शब्दांत बोलावं. मागून कोणी "हो म्हणा" म्हणालं की तोच व्हिडिओ उलटतो.

नोंदणी सक्तीची नाही. परक्याला देताना मात्र मी करा असंच म्हणेन. त्याला मुदत नाही आणि फी नाममात्र असते. दुय्यम निबंधक कार्यालयात जाता येत नसेल तर आजारी माणसासाठी निबंधक घरी येऊ शकतात. हयात असेपर्यंत नोंदलेल्या मृत्युपत्राची प्रत तुमच्याशिवाय कोणालाही मिळत नाही, नंतर कोणीही अर्ज करून घेऊ शकतो. मजकूर कोणालाच कळू नये असं वाटत असेल तर लिफाफा सील करून जिल्हा निबंधकांकडे ठेवण्याचीही सोय आहे. मूळ प्रत फक्त स्वतःच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. तो लॉकर उघडायला तेच मृत्युपत्र लागेल.

गेल्यानंतरचे पहिले महिने

कायदा एक्झिक्युटरला देणग्या वाटायला वर्षभराची मुभा देतो. आधी अंत्यविधीचा खर्च, रुग्णालय, कर्जं, मग बाकीचं. तोपर्यंत मावशींनी खायचं काय? आणि तेराव्यानंतर कोणी किल्ल्या मागितल्या तर? म्हणून एका वेगळ्या बचत खात्यात सात-आठ महिन्यांचा पगार ठेवून तिथे मावशींना नॉमिनी करा आणि घराचा ताबा एक्झिक्युटरनं पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे ठेवावा असं स्पष्ट लिहा. एक्झिक्युटर शक्यतो त्याच शहरातला हवा. अमेरिकेतला पुतण्या कितीही सज्जन असला तरी रात्री अकराला सोसायटीच्या सेक्रेटरीला तो भेटू शकत नाही.

मावशींचीही कागदपत्रं आत्ताच नीट करून घ्या. आधार, पॅन आणि बँक खात्यावर एकच नाव असावं. घरात वेगळं नाव, माहेरचं वेगळं, सासरचं वेगळं असं कितीतरी बायकांचं असतं. खातं त्यांच्या एकटीचं असावं, मुलाबरोबरचं जॉइंट नको.

मुंबईतल्या घरांसाठी किंवा मुंबईत केलेल्या मृत्युपत्रांसाठी पूर्वी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं शिक्कामोर्तब, सक्तीचं होतं. २०२५ च्या डिसेंबरात संसदेनं भारतीय वारसा कायद्यातलं कलम २१३ वगळून ती सक्ती काढली. पुण्यात ती नव्हतीच. तरीही नातेवाईक विरोधात जातील असं दिसत असेल तर एक्झिक्युटरनं प्रोबेट घेतलेलं बरं. एकदा ते हातात असलं की बँक, सोसायटी आणि तलाठी कार्यालयात फार वाद घालावा लागत नाही. जमिनीचा फेरफार, सिटी सर्व्हेचं मिळकत पत्रक आणि सोसायटीचं सभासदत्व ही तीन वेगळी कामं आहेत, एक झालं म्हणजे बाकीची आपोआप होत नाहीत.

दरवर्षी गुढीपाडव्याला किंवा वाढदिवसाला मृत्युपत्र एकदा काढून वाचा. छोटा बदल असेल तर पुरवणी मृत्युपत्र करा, त्यालाही दोन साक्षीदार लागतात. मोठा बदल असेल तर नवीनच करा आणि त्यात आधीचं सगळं रद्द केल्याचं लिहा. जुनं फाडायची घाई करू नका. नव्यावर सह्या होईपर्यंत तेच चालू असतं.